कुंढीसाठी मनहरने केलेली तयारी

माझ्या धाकट्या दिराला, मनहरला, जन्मात एकाच गोष्टीची तयारी करताना मी पाहिलं. बायकोला सोडायची. दहावीला हा पुस्तक न उघडता बसला आणि तसाच उठला. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी वाजंत्री दारात आले तरी साहेब अंथरुणात, शेवटी सासूबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा नवरदेव उभा राहिला. पण आणंदच्या कोर्टात मध्यस्थीची तारीख पडली आणि हा माणूस एकवीस दिवस कंबर कसून बसला. बसला म्हणजे बसलाच. उठून काही केलं असं मी म्हणत नाही.

मी रेवा. मनहरच्या थोरल्या भावाची बायको. गावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट काढते, वीस वर्षं झाली. आमचं आणि मनहरचं घर एकाच अंगणात, मध्ये फक्त एक कुडाची भिंत, तीही त्याच्या बाजूने कललेली. ती सरळ करू करू म्हणून त्याने नऊ पावसाळे काढले.

दिसायला बरा आहे हो. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, केसांना कलप, गालात मावा. सकाळी चहा झाला की गावाच्या वेशीवर लिंबाखाली जाऊन बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायची आणि जेवायला घरी यायचं. शेत वाट्याने दिलेलं. घर, गोठा, शेण, चारा, धार, सगळं तरुच्या गळ्यात. तरु म्हणजे तरुलता, याची बायको. चौदा वर्षं ती चार वाजता उठली आणि चौदा वर्षं याने तिला एकच प्रश्न विचारला, "दिवसभर करतेस काय?"

भाद्रपदात तिला ताप भरला. चार दिवस डोकं वर निघेना. मी डेअरीला जायच्या आधी आणि आल्यावर गोठ्यात जमेल तेवढं केलं, पण कुंढी मला धार काढू देईना, तिची कास दगडासारखी झाली. चौथ्या दिवशी मनहर तरुच्या खाटेपाशी गेला. मला वाटलं, आता तरी कपाळाला हात लावेल. तर म्हणतो, "चहाचं काय?" तरु उठली. चहा केला. भिंतीला धरून गोठ्यात जाऊन कुंढीला मोकळं केलं. ताप उतरला त्या दिवशी पिशवी भरली आणि माहेरी गेली. माहेर काय लांब नाही, दोन शेतं आणि एक नाला ओलांडला की तिच्या बापाचं गाव.

आता कुंढी कोण, ते सांगते. कुंढी म्हणजे म्हैस. शिंगं अशी गोल वळलेली की त्यात नारळ बसेल. सात वर्षांपूर्वी तरुच्या भावाच्या लग्नात तिच्या बापाने तरुला कापडात, म्हणजे माहेरच्या आहेरात, दिलेली. आमच्याकडे मुलीला कापडात दिलेलं जनावर मुलीचंच. त्याला सासऱ्याने हात लावायचा नाही, नवऱ्याने लावायचा नाही. पण कापडाचा कागद कोण करतो? बाप वासराच्या कपाळाला कुंकू लावतो, दोरी मुलीच्या हातात देतो, झालं. तरुने ते वर्षाचं रेडकू चालवत आणलं, वाढवलं, चार वेतं काढली. या खेपेला कुंढीचं रेडकू दगावलं आणि तेव्हापासून ती तरुशिवाय कुणाला पान्हा सोडेना. तरु बसली, बांगड्या वाजल्या, की ही डोळे मिटून धार सोडणार. दुसरं कुणी बसलं की लाथ.

तरुने कोर्टात अर्ज केला. यानेही हो म्हटलं. दोघांनाही सुटायचं होतं, मूलबाळ नव्हतं, दागिन्यांवरूनही भांडण नव्हतं. अडलं ते कुंढीवर. तरु म्हणाली, मला बाकी काही नको, माझी म्हैस द्या. मनहर म्हणाला, माझ्या खुंट्याला सात वर्षं खाल्लं, ती माझी. त्याला कुंढीची माया होती म्हणाल तर तिचं तोंड कोणत्या बाजूला असतं हेही त्याला नीट ठाऊक नसेल. पण वेशीवर लोकांनी म्हटलं पाहिजे ना, बाई गेली तरी म्हैस राखली पठ्ठ्याने! कोर्ट म्हणालं, हे आधी मध्यस्थासमोर बसून मिटवा.

आणि या सगळ्यात चार महिने तरु काय करत होती? रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी नाला ओलांडून यायची. मागच्या वाटेने गोठ्यात शिरायची, खुंटीवरची जुनी जांभळी साडी नेसायची, कुंढीची धार काढायची, दूध याच्याच ओट्यावर ठेवायची, साडी परत खुंटीला आणि चालू पडायची. कुणाशी एक शब्द नाही. दूध याचं, नाव याचं, पाय तिचे. मी कुडाच्या फटीतून बघायची. मला आजही त्याची लाज वाटते, की एकदासुद्धा मी तिला हाक मारून कपभर चहा दिला नाही. घरात भांडण नको म्हणून. मोठी आले मी शहाणी!

तारीख पडली तसे रतुमामा आले. मनहरचे सख्खे मामा, भाच्याला 'भाणा' म्हणतात, आणंदच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांना वाटायचं की आतला निकाल आपणच देतो. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस म्हणून त्यांना लोक मानतात. मला विचाराल तर एकाच गावचं पाणी प्यायले, पण बारा वेळा. पिशवीभर गाठिया घेऊन आले आणि झोपाळ्यावर बसले ते तारखेपर्यंत उतरले नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी तरुला गोठ्यात बघून झोपाळा थांबला.

"भाणा, ही इथे काय करते?"

"धार काढते, मामा."

"अरे मूर्खा! वैरी दारात आणि तू मावा चघळतोस? उद्या तिथे सांगेल, मीच करते, मीच करते. बंद कर हिचं येणं. आजपासून!"

मनहरने ओट्यावर उभं राहून तरुला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. तरुने साडी खुंटीला लावली. कुंढीच्या कपाळावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "तिला आटवू नका एवढंच." आणि गेली. मामांनी मिशीवरून हात फिरवला, जसा काही किल्ला जिंकला.

मग सुरू झाली तयारी. रोज दुपारी ओसरीवर मध्यस्थी. मामा झोपाळ्यावर.

"मी मध्यस्थ. भाणा, तू तूच. रेवा, तू तरु हो."

मी डोक्यावर पदर घेतला. मामेसासरे आहेत, तोंडावर बोलायची रीत नाही, पण पदराआडून बोलायला कुणी मनाई केलेली नाही. "तरु होऊन काय करू, मामा?"

"रड, ओरड, नाटकं कर. बायका करतात ते."

"चौदा वर्षांत तिला ओरडताना ऐकलं नाही मी. ओरडायलाही फुरसत लागते."

"बरं बरं, प्रश्न विचार याला."

मी विचारलं, "कुंढी कितव्या वेताची?"

मनहरने मावा या गालातून त्या गालात घेतला. "दुसऱ्या."

"चौथ्या," मी म्हटलं.

"तू तरु आहेस ना? त्याला कशाला सांगतेस?" मामा खेकसले. "पुढचं विचार."

"खायला काय घालता तिला?"

"गवत."

"गवत! पाहुण्याला विचारलं काय जेवलात, तर तो अन्न म्हणेल का? सरकी किती, भुसा किती, गुळाचं पाणी कधी, ते सांगा की."

मनहर मामांकडे बघायला लागला. मामांनी मग एकेक उत्तर चिठ्ठीवर लिहून दिलं आणि हा एक्केचाळीस वर्षांचा घोडा ते पाठ करत अंगणात फेऱ्या मारायला लागला. "मी कुंढीला पोटच्या पोरीसारखी वाढवली. सकाळी सरकी, संध्याकाळी भुसा. मी कुंढीला पोटच्या पोरीसारखी वाढवली." ज्या माणसाने आजारी बायकोकडे चहा मागितला तो म्हशीचा बाप व्हायला निघाला होता. मला हसू यायचं आणि लगेच तळपायाची आग मस्तकात जायची.

मामांनी खुणाही ठरवल्या. एकदा खोकले तर हो म्हणायचं, दोनदा खोकले तर नाही, तीनदा तर गप्प बसायचं. आणि रडायचं कधी? "पोटच्या पोरीसारखी" म्हटलं की रुमाल डोळ्याला. रुमालाला आधीच बाम लावून ठेवायचा. तीस वर्षांच्या नोकरीतून माणूस एवढंच शिकून आला होता.

इकडे गोठ्यात निराळीच कथा. तरुचं येणं बंद झालं त्या पहाटे मनहर बादली घेऊन गेला आणि थोड्याच वेळात बुशशर्टावर शेणाचा ठसा घेऊन माझ्या दारात उभा.

"भाभी, म्हैस बिघडली."

"म्हैस नाही बिघडली. नाचता येईना अंगण वाकडं."

"लाथ मारते!"

"मग? ओळख लागते. चौदा वर्षांत गोठ्यात किती वेळा गेलात?"

त्याच संध्याकाळपर्यंत कुंढीची कास पुन्हा तटतटली, ती हंबरत नाल्याकडे तोंड करून उभी. माझ्याच्याने बघवेना. त्याच्यासाठी नाही, तिच्यासाठी मी सांगितलं, "खुंटीवरची साडी नेसा."

आमच्या भागात हे काही नवीन नाही. एका हाताला सवकलेली म्हैस असली आणि बाई गावाला गेली, की घरचा पुरुष बाईची साडी गुंडाळून धार काढतो. जनावराला वास कळतो. गरजेला लाज कसली? पण गेल्या वर्षी शनाभाईची बायको बाळंतपणाला गेली आणि त्याने साडी नेसली, तर वेशीवर बसून महिनाभर त्याला "शनीबेन" म्हणून हाक मारणारा कोण होता? आमचाच मनहर. तेव्हा आता दार लावून, पडदा ओढून, चोरासारखी साडी नेसायची वेळ आली. नेसला तीही लुंगीसारखी. कुंढीने एकदा हुंगलं आणि बादली उडवली. शेवटी मीच निऱ्या घालून दिल्या, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला, डोकं झाकलं. तरी ती अवघडलेली. बांगड्यांचा आवाज नव्हता ना! याच्या पंजात बांगडी कसली चढते? मग मामा शेजारी उकिडवे बसले आणि किल्ल्यांचा जुडगा हलवायला लागले. कुंढीने कान टवकारले, थोडा पान्हा सोडला. अर्धीच बादली भरली, पण भरली. असं वीस दिवस चाललं. वीस दिवस मी डेअरीत त्यांच्या दुधाचं फॅट काढत होते आणि ते रोज उतरत होतं.

या वीस दिवसांच्या मध्येच तरुच्या वकिलाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, माझ्याशिवाय म्हैस पान्हवत नाही, तिला आटवून टाकतील, म्हणून ती मला द्या. मामा झोपाळ्यावरून जवळजवळ उडालेच.

"फोटो! म्हैस दूध देते याचा फोटो पाहिजे! वर तारीख पाहिजे. फेस दिसला पाहिजे!"

"साडीत?" मनहर पांढरा पडला.

"साडीशिवाय फेस कुठून आणणार? तोंड झाकून बस. तुझ्या तोंडाला कोण बघतंय, दूध बघतील."

"चेहरा येऊ देऊ नका, भाभी," हा मला दहादा म्हणाला. "मागून काढा. अजिबात येऊ देऊ नका."

मी मोबाइल धरला. मागून सहा फोटो काढले. मामांनी चष्मा लावून त्यातला एक निवडला. कुंढी मोठी डौलदार आली होती. बादलीत फेस, कोपऱ्यात तारीख, आणि बादलीपाशी जांभळ्या साडीत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसलेली. मला दिसलं होतं. त्या दोघांना दिसलं नाही. मी म्हटलं, "मामा, फोटो झकास आलाय," आणि भाकऱ्या थापायला आत गेले.

तारखेच्या दिवशी मनहर कधी नव्हे तो माझ्याआधी उठला. नवा बुशशर्ट, खिशात बामाचा रुमाल, दुसऱ्या खिशात चिठ्ठ्या. कोर्टाच्या मागच्या बाजूला एक खोली, गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या. मध्यस्थ होत्या कुसुमबेन, वयस्क वकील, सुती साडी, आवाज असा की जेवायला वाढताहेत. तरु आणि तिचे वडील समोर बसले होते. दोन्हीकडून एकेक वडीलधारं माणूस चालणार होतं. मामा छाती काढून आत शिरले.

कुसुमबेननी वर पाहिलं. "रतिभाई? तुम्ही तर इथेच नोकरीला होतात. मग तुम्ही बाहेर बसा. घरातलं दुसरं कुणी येऊ दे."

दुसरं कुणी म्हणजे बरोबर आलेली मी. मामा बाहेर गेले, दाराशी स्टूल होतं त्यावर बसले. तीस वर्षांची जागा परत मिळाली.

कुसुमबेन म्हणाल्या, "इथे साक्षी नाहीत, पुरावे नाहीत, हरणं-जिंकणं नाही. मनात आहे ते बोला. मनहरभाई, तुम्ही सांगा."

मनात! मनात काय आहे याची चिठ्ठीच नव्हती. मनहरने घाम पुसायला रुमाल काढला आणि दोन्ही डोळ्यांवरून फिरवला. पुढच्या क्षणी डोळे लाल, नाकातून पाणी. "मी कुंढीला पोटच्या पोरीसारखी," एवढं म्हणाला आणि शिंकला.

"सावकाश," कुसुमबेन म्हणाल्या. "ही बेन म्हणतेय, म्हैस तिच्याशिवाय दूध देत नाही."

"देते!" मनहरने रडत रडत मोबाइल पुढे सरकवला. "हा फोटो बघा. आठ दिवसांपूर्वीचा. बादली बघा!"

कुसुमबेननी फोटो पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. मग मोबाइल तरुपुढे ठेवला. तरुने वाकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ही तर मी आहे," ती म्हणाली. "माझी साडी. जुना फोटो असेल."

"जुना नाही! तारीख बघ!"

"मग तारीख चुकली असेल. धार मीच काढतेय ना. बेन, बघा की, बाईच बसलीय."

बाहेरून खोकला आला. एकदा. मग दोनदा. मग तीनदा, मग मोजता येईना.

"बाहेर कुणाला तरी पाणी द्या," कुसुमबेन म्हणाल्या. "मनहरभाई, धार काढणारी ही तुमची बायको आहे का?"

हो म्हणावं तर म्हैस तिची. नाही म्हणावं तर ही बाई कोण? मनहरने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. त्याने दाराकडे पाहिलं. तिकडून नुसता खोकला. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने कुणाला न विचारता एक वाक्य उच्चारलं.

"ती नाही. मी आहे."

"तुम्ही?"

"मीच. मीच बसलोय."

"साडीत?"

"साडीशिवाय ती पान्हा सोडत नाही. तिला वाटलं पाहिजे की तरु आली."

तरुचे वडील टेबलाकडे बघत बसले. कुसुमबेननी हळूच विचारलं, "आणि साडीने ती फसते?"

"पूर्ण नाही," मनहर म्हणाला. आता सांगायला लागला तर बांधच फुटला. "बांगड्यांचा आवाज लागतो. म्हणून मामा शेजारी बसून किल्ल्या वाजवतात. तरी अर्धीच बादली देते. रात्रंदिवस नाल्याकडे तोंड करून उभी असते. बसत नाही. चारा टाकून देते."

आणि मग त्यालाच ऐकू आलं की आपण काय बोललो. कुसुमबेननी पेन खाली ठेवलं. "मग काय करायचं, मनहरभाई? मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

तो बोटाने टेबलावर सांडलेलं पाणी पसरवत राहिला. "घेऊन जा," तो म्हणाला.

कागद लिहिला गेला, सह्या झाल्या. परत येताना मामा बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते की मला आत घेतलं असतं तर निकाल फिरला असता. घरी पोचल्यावर पिशवीत उरलेले गाठिया भरले आणि गेले. ते किल्ल्यांचा जुडगाही विसरले नाहीत.

दुसऱ्या सकाळी तरु आली. या खेपेला मागच्या वाटेने नाही, पुढच्या दाराने. तिच्या पायांचा आवाज ऐकून कुंढी हंबरली ती अशी की अर्धी आळी बाहेर आली. तरुने हात लावायच्या आधीच तिच्या आचळांतून दूध ठिबकायला लागलं, मातीत पांढरे थेंब. मी या वेळी चहा करून ठेवला होता. तरुने तो उभ्या उभ्या प्यायला, कप माझ्या हातात दिला आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

मनहर ओट्यावर होता. जांभळ्या साडीची घडी करून हातात धरलेली. घडी वेडीवाकडी, पण त्याने स्वतः केलेली. "ही राहिली होती," तो म्हणाला.

तरुने साडी घेतली. नाकाशी नेली. शेण, दूध आणि मावा, तिन्हीचा वास मला इथपर्यंत येत होता. तिने ती कुंढीच्या पाठीवर टाकली, खुंट्याची गाठ सोडली आणि वळली.

"चौदा वर्षांत एकदा तरी माझ्या जागी बसलात," ती म्हणाली. "त्याला कोर्ट लागलं."

दोरी तिने ओढलीसुद्धा नाही, कुंढी आपणच मागे चालू लागली. मनहरचा हात सवयीने चिठ्ठ्यांच्या खिशात गेला. याचं उत्तर मामांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं नव्हतं.